आत्या कादंबरीत बसायला येते

आमच्या घरात एखादं काम अर्धवट राहिलं की त्याला 'आईची कादंबरी' म्हणतात. नळवाला टाकीखालची जमीन उकरून गेला आणि परत उगवलाच नाही, की लेक म्हणणार, "झाली बघा आईची कादंबरी." नवऱ्याने मागच्या भिंतीची एकच बाजू रंगवून ब्रश वाळत टाकला, तीही आईची कादंबरी. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो असं घरात सगळ्यांचं मत आहे, आणि हे मत कोणी माझ्यासमोर बोलून दाखवलं की मला राग येतो.

पण त्यांचंही चुकत नव्हतं. दोन कादंबऱ्या मी खरोखर अर्ध्यावर सोडल्या होत्या. पहिली लग्नानंतर सुरू केली आणि लेक पोटात असताना ती कपाटात गेली. दुसरी सुरू असताना आर्वीला बदली झाली, आणि रोजच्या बसच्या धक्क्यांत तिची सगळी माणसं माझ्या डोक्यातून खाली सांडली. तिसरी सुरू केली तेव्हा मी मनाशी ठरवलं की ही जर पुरी झाली नाही, तर स्वतःला लेखक म्हणवून घेणं बंद. ऑफिसात, लग्नाकार्यात कोणी विचारलं, "मॅडम, सध्या काय लिहिताय?" तर सरळ सांगायचं, "काही नाही, मी लिहीत नाही." वाक्य छोटंसं आहे. पण ते मनात म्हणून पाहिलं तरी मी घाईने दुसरंच काहीतरी काम काढायची.

नागपूरच्या एका प्रकाशकांना त्या सुमारास भेटले होते. फार भला माणूस, पण पोळलेला. म्हणाले, "मॅडम, अर्ध्या कादंबऱ्या माझ्याकडे पोतंभर पडल्या आहेत. तुम्ही पूर्ण पाठवा. दिवाळीच्या आत आली तर मी स्वतः वाचतो, दुसऱ्या कोणाकडे देत नाही." मी हो म्हणून नालवाडीला परत आले आणि बसमध्येच घाबरले.

यावेळी एक गोष्ट मात्र माझ्या बाजूने होती, ती म्हणजे फोन. लेकीने त्यात एक फाइल उघडून दिली. "ही फाइल हरवत नाही, आई. फोनवर लिही, ऑफिसच्या कॉम्प्युटरवर लिही, बसमध्ये लिही. सगळीकडे हीच उघडेल, आणि जिथे सोडलंस तिथेच उघडेल. सेव्ह पण करावं लागत नाही." माझा विश्वास बसेना. सरकारी नोकरीत ज्या कागदाच्या तीन प्रती निघाल्या नाहीत तो कागद जन्मालाच आला नाही असं आम्ही मानतो. पण फाइल खरंच हरवत नव्हती. मग मी लिहायला वेळ शोधणं सोडलं आणि फटी शोधायला लागले. कुकरच्या दोन शिट्ट्यांमधली फट, साहेब मीटिंगला गेल्यानंतरची फट, दळण होईपर्यंत गिरणीतल्या बाकावरची फट. आयुष्यात इतक्या फटी होत्या आणि मी इतकी वर्षं सलग दिवस मिळण्याची वाट बघत बसले होते, याचं मला हसू यायला लागलं.

बोलून टाइप करायची सोय तर मला फारच मानवली. फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा, भाजी फोडणीला टाकायची आणि बोलत सुटायचं. एकदा माझी नायिका गावाबाहेरच्या विहिरीपाशी उभी राहून आपल्या आयुष्याचा विचार करत होती, आणि मध्येच म्हणाली, "माझा निळा शर्ट इस्त्रीला दिला होता का?" तो नवरा होता. ते वाक्य मी बरेच दिवस काढलं नाही. विहिरीपाशी उभ्या राहिलेल्या बायकांच्या डोक्यात तसलंच काहीतरी चालू असतं.

आणि लिहिलेलं वाचून दाखवणारी एक बाईही त्या फोनमध्ये होती. आवाज अगदी स्टेशनवर गाडी उशिरा असल्याचं सांगणाऱ्या बाईसारखा. मरण असो की बारसं, तिचा सूर तोच. पण तिच्या तोंडून ऐकलं की कुठलं वाक्य लांबलंय, कुठे मी उगाच नटलेय, ते लगेच कळायचं. घरचे लोक "छान आहे" म्हणून सुटायचे. या बाईला माझी भीड नव्हती.

तर अशी कादंबरी चालू लागली, आणि मग तिच्यात आत्या आली.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. पुलगावला राहते. तिथली कापडगिरणी चालू होती त्या काळात गिरणीच्या रस्त्यावर तिची खानावळ होती. पाळी सुटली की तिच्या दारात चपलांचा ढीग पडायचा. पुढे गिरणी बंद पडली, खानावळ मिटली, आत्याचे यजमान गेले, पण माणूस दिसला की "जेवला का?" हे विचारणं काही गेलं नाही. मीटर वाचायला येणारा, मतं मागायला येणारा, चुकून भलत्याच दारावर आलेला, सगळ्यांना ती हेच विचारते, आणि उत्तराकडे फारसं लक्ष न देता ताट घेते.

तिची दुसरी आवड म्हणजे बसायला जाणं. आमच्याकडे बायका एकमेकींकडे बसायला जातात. काम नसतं, निरोप नसतो. जायचं आणि बसायचं. घरची बाई भाजी निवडत असेल तर दोन हात लावायचे, ती तिच्या कामात असेल तर तिला तिच्या कामात राहू द्यायचं. थोडं बोलणं होतं, थोडं होत नाही. मग "येतो मी" म्हणून उठायचं. आमच्याकडच्या जुन्या बायका 'येते' म्हणत नाहीत, 'येतो'च म्हणतात. पण आत्याच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि तिचं हे बसायला जाणं थांबलं. दुखण्यापेक्षा तिला त्याचंच जास्त वाईट वाटायचं. "घरात बसून बसून बसनंच विसरून गेली मी," असं ती फोनवर म्हणायची.

असंच एकदा तिने विचारलं, "काय करून राह्यली वं?"

"लिहून राह्यली, आत्या. कादंबरी."

"मंग मले दाखव ना. डोळे चांगले हायेत माह्ये, गुडघेच गेले."

लेकीने त्याच दिवशी आत्याचं नाव माझ्या फाइलमध्ये जोडलं. जोडताना फोन विचारतो की या व्यक्तीला नुसतं वाचता यावं की बदलही करता यावेत. लेकीने मला विचारलं. मी तेव्हा उतू जाणारी कढी वाचवत होते. म्हटलं, "टाक काहीही. घरचीच तर आहे."

ती घरचीच होती, तिथेच सगळा घोटाळा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल उघडली. नायिका आणि तिची जाऊ वाटणीवरून बोलत होत्या, आणि दोघींच्या मधोमध एक ओळ होती: "आली मी." त्या ओळीशेजारी एक जांभळी रेघ लुकलुकत होती आणि तिच्यावर आत्याचं नाव होतं. मी बघत असतानाच पुढची ओळ उमटली. "तू लिही. मी बसली हाय."

मी खाली टाइप केलं, "आत्या, इथं नको लिहू. हे पुस्तक हाय."

"बरं बरं. तुह्यं चालू दे. चहा झाला का?"

थोड्या वेळाने "येतो मी" असं लिहून जांभळी रेघ गेली. मी त्या ओळी पुसल्या आणि हसत ऑफिसला निघाले. तिला ती फाइल म्हणजे माझं घर वाटत होतं, हे तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. कारण घर म्हटलं की आत्या स्वयंपाकघरात शिरणार.

आणि ती शिरलीच. एका प्रकरणात गिरणीचा मुकादम नायिकेला धमकावायला तिच्या घरी येतो. भर दुपार, दार वाजतं, सगळे गप्प होतात, असा मी मोठ्या मेहनतीने ताण उभा केला होता. दुसऱ्या दिवशी बघते तर मुकादम येऊन पाटावर बसला होता आणि पोहे खात होता. वरून तर्री मागून घेत होता. मग पाणी पिऊन, तोंड पुसून त्याने धमकी दिली.

मी तिथल्या तिथे फोन लावला. "आत्या, थो धमकी द्यायले आला हाय!"

"मंग? दिली ना त्यानं धमकी. मी अडवलं का त्याले? पण भर उन्हात आला माणूस, तसाच वापस जाऊ द्याचा?"

"दुष्ट माणूस हाय थो."

"दुष्टाले भूक नसते काय वं?"

मी फोन ठेवला आणि लेकीला ओरडले. तिने शांतपणे फाइलमधली आणखी एक सोय दाखवली. मागे लिहिलेलं सगळं त्या फाइलमध्ये जपून ठेवलेलं असतं. कालची कादंबरी, परवाची कादंबरी, कोणी काय घातलं, कोणी काय काढलं, सगळं रंगांनी वेगळं. एक बटण दाबलं की कालची कादंबरी जशीच्या तशी परत. मला ही सोय इतकी आवडली की दिवसभर मी तिचाच विचार करत होते. अशी एखादी सोय माणसाच्या बोलण्यालाही असती तर माझे अर्धे शत्रू झालेच नसते.

मग आमचं रोजचं सुरू झालं. आत्या सकाळी यायची, बसायची, ज्याला त्याला वाढायची आणि जायची. मी नंतर बटण दाबून सगळ्यांना परत उपाशी ठेवायची. पोस्टमनने खाल्लेली भाकर मी काढून घेतली, पंचायतीला बसलेल्या माणसांची पातोडीची भाजी काढून घेतली. राग यायचा, पण खरं सांगते, मजाही यायची. कोणीतरी रोज माझी कादंबरी उघडतंय या नुसत्या विचाराने मीही ती रोज उघडत होते.

पण खेळ संपला तो घर सोडण्याच्या प्रकरणापाशी. सगळी कादंबरी त्या प्रकरणावर उभी होती. नायिकेचं आणि तिच्या जावेचं कडाक्याचं भांडण होतं आणि नायिका हातात पिशवी घेऊन कायमची घर सोडून जाते, कारंज्याला, हायवेवरच्या एका ढाब्यावर कामाला. मी भांडण लिहिलं. जावेला सगळं मनातलं बोलायला लावलं, भांडी आपटली, नायिकेला उंबऱ्याबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी बघते तर बाई परत आत. पिशवी भिंतीला टेकवलेली, आणि ती ताटावर बसलेली.

मी तिला बाहेर काढलं. आत्याने आत आणली. मी परत बाहेर काढली. आत्याने परत आत आणून वर कढी वाढली. असं होता होता दसरा आला, आणि माझी बाई काही घराबाहेर पडेना. शेवटी माझा तोल गेला. मी लेकीलाही न विचारता आत्याचं नाव फाइलमधून काढून टाकलं.

तासाभरात फोन. "दार लावून घेतलं काय तू?"

"आत्या, दिवाळी जवळ आली. मले हे पुरं कराचं हाय."

"बरं," आत्या म्हणाली.

आत्या कशालाही निदान चार वाक्यांत उत्तर देते. तिने नुसतं "बरं" म्हटलं की समजावं, बाई रुसली. त्यानंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही.

आता माझी नायिका मोकळेपणाने घर सोडू शकत होती, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ते प्रकरण मुळातच जमलेलं नाही. स्टेशनवाल्या बाईकडून वाचून घेतलं. भांडी आपटली, जाऊ किंचाळली, नायिका निघाली, आणि मला काही म्हणता काही वाटलं नाही. पुन्हा लिहिलं. जावेला आणखी वाईट केलं. मग पाऊस घातला, मग पाऊस काढला. काही केल्या ते भांडण खरं वाटेना. एक दिवस फाइल उघडली नाही. दुसऱ्या दिवशी उघडायची राहिली. मग न उघडायची सवयच लागली. घरात गिझर दुरुस्तीला देऊन बरेच दिवस झाले होते, तरी 'आईची कादंबरी' असं कोणी म्हणालं नाही. लेक माझ्याकडे बघायची आणि विषय बदलायची. ते न म्हणणं मला जास्त लागलं.

ऑफिसात नवीन आलेल्या एका बाईंनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "तुम्ही लिहिता म्हणे? सध्या काय चालू आहे?" मी म्हटलं, "काही नाही, मी..." तेवढ्यात टपाल आलं म्हणून सुटले. पण त्या दिवशी घरी येताना रस्ताभर मला तेच आठवत होतं. किती सहज सुरुवात झाली होती त्या वाक्याला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाइल उघडली. लिहायला नाही, नुसतं एकदा बघून घ्यावं म्हणून. आणि वरच्या कोपऱ्यात एक उंट बसलेला दिसला.

खरोखरचा उंट. म्हणजे उंटाचं एवढंसं गोल चित्र. ही गंमत लेकीने मला आधी कधीतरी सांगितली होती. ज्याचं नाव फाइलमध्ये जोडलेलं नाही असा कोणी नुसत्या लिंकवरून वाचायला आला, तर त्याच्या नावाऐवजी कुठल्यातरी प्राण्याचं चित्र दिसतं. म्हणजे कोणीतरी अनोळखी माणूस या क्षणी माझी कादंबरी वाचत होता! कोण? लिंक कुठून सुटली? कोणाच्या हाती लागली? खरं तर मी घाबरायला हवं होतं. पण मी पदर सारखा केला. खोटं नाही सांगत, स्वयंपाकघरात एकटी उभी राहून मी एका उंटासाठी पदर सारखा केला.

आणि लिहायला लागले. कारण कोणी वाचायला येऊन बसलंय आणि आपण हात बांधून उभं राहायचं, हे बरं दिसत नाही. उंट बराच वेळ होता. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी कासव आलं. मग एक दिवस पाणघोडा. मी मनात म्हणायची, हा फार मोठा वाचक असणार. नागपूरचे प्रकाशक तर नव्हेत? की पुण्याचा कोणी समीक्षक? घर सोडण्याचं प्रकरण अजूनही जमत नव्हतं. मी लिहायची, पुसायची, लिहायची, पुसायची. प्राणी मात्र उठून जात नसे. पान कोरं असलं तरी तो बसून राहायचा. असा चिवट वाचक मी आजवर पाहिला नव्हता, आणि त्याच्यामुळे मीही चिवट झाले. रोज सकाळी तेच प्रकरण, रोज नव्याने.

एका सकाळी हत्ती आला होता. मी भांडण पुन्हा लिहायला घेतलं आणि यावेळी जावेच्या तोंडी फारच विखारी बोलणं घातलं. वाक्य पुरं होतंय न होतंय तोच फोन वाजला. आत्या.

इतक्या दिवसांनी फोन, पण ना कशी आहेस, ना काय. "त्या जावेले इतकी वंगाळ नको करू वं. घरात राहून राहून तिचंबी डोकं फिरलं असंन."

मी हातातला झारा खाली ठेवला. "तुले काय माहीत मी काय लिहून राह्यली?"

पलीकडून बारीक आवाजात, "पाहून राह्यली ना मी."

"मंग थो उंट तू होती?"

"कोन उंट?"

"आणि कासव?"

"मले कासव म्हनून राह्यली तू?" आत्याचा आवाज चढला. "गुडघे दुखतात म्हनून कासव म्हनतं काय मले?"

तिला प्राण्यांची भानगड समजावून सांगता सांगता मला हसू आवरेना, आणि मी हसतेय म्हणून ती आणखी चिडली. मग लेकीला बोलावलं. चोर तीच होती. मी आत्याचं नाव काढल्यावर आत्याने तिला फोन केला होता, आणि तिने नुसतं वाचण्यापुरती लिंक तिला पाठवून दिली होती. "मी काय करू आई? ती म्हणाली, मी आत नाही जात, काही हात नाही लावत. दारातून पाहतो फक्त."

हे ऐकलं आणि माझे डोळे भरून आले. माझ्यावर रुसलेली होती, माझ्याशी बोलत नव्हती, आणि तरी रोज सकाळी येऊन दारात उभी राहत होती. पुण्याचा समीक्षक असता तर मला निम्माही आनंद झाला नसता. लेकीला मी तरीही दोन शब्द सुनावले, कारण सवय. मग आत्याचं नाव परत जोडलं आणि यावेळी समजून उमजून बदल करण्याचीही परवानगी दिली. जांभळी रेघ आली आणि पहिल्या जागी जाऊन बसली.

मी फोनवरच विचारलं, "आत्या, तिनं जेवूनच जावं काय मंग?"

"तेच तं म्हनून राह्यली मी कवाची. उपाशी घर सोडतं काय कोनी?"

"पण वाढीन कोण? भांडण झालं ना घरात."

"जाऊच वाढीन. दुसरं कोन हाय घरात?"

मी फोन कानाला तसाच धरून उभी राहिले. जाऊच वाढणार. अर्थातच. इतके दिवस मी त्या दोघींना एकमेकींवर ओरडायला लावत होते, आणि मुळात त्या दोघींच्या घरात ओरडायची पद्धतच नव्हती. मी सगळं भांडण पुसून टाकलं. नायिकेची पिशवी भिंतीशी ठेवली. तिला ताटावर बसवलं. जावेने गोळाभात वाढला. डाळीच्या गोळ्याचा चुरा करून भातात कालवला आणि वरून फोडणीचं गरम तेल सोडायला लागली. वाढणाऱ्याचा हात थांबावा म्हणून खाणारा 'पुरे' म्हणतो. नायिका 'पुरे' म्हणाली नाही, आणि जाऊही थांबली नाही. तेल ताटाच्या कडेपर्यंत आलं. दोघी त्या तेलाकडे बघत राहिल्या. मग नायिकेने ताट स्वच्छ केलं, हात धुतला, पिशवी घेतली आणि गेली.

हे सगळं लिहीत असताना जांभळी रेघ जागची हलली नाही. आत्याने एक अक्षर टाइप केलं नाही. माझी पोळी तव्यावर जळून काळी झाली आणि घरभर धूर झाला, तरी मी लिहीत होते.

त्यानंतर कादंबरी उतारावरच्या सायकलीसारखी गेली. दिवाळीच्या आधी संपली. फाइल एका बोटाने नागपूरला पोचली, ना झेरॉक्स, ना पाकीट, ना पोस्टाची रांग. प्रकाशकांनी शब्द पाळला, स्वतः वाचली आणि छापायला घेतली. लेकीने घरात जाहीर केलं की 'आईची कादंबरी' हा वाक्प्रचार आजपासून रद्द, आणि त्यामुळे बाबांनी मागची भिंत पूर्ण करावी. ते सगळं यथासांग पार पडलं. मला मात्र सांगायचं आहे ते शेवटच्या सकाळबद्दल.

त्या सकाळी मी शेवटचं पान लिहिलं. नायिका कारंज्याला उतरते. हायवेच्या कडेला एक खोली भाड्याने घेते. दार लावते आणि पिशवीवरच बसून राहते. खाली मी 'समाप्त' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं. मला वाटलं आता जांभळी रेघ काहीतरी लिहील, शाबासकी वगैरे. पण फोनच आला.

"संपलं?"

"संपलं, आत्या." मी मोठ्यांदा सांगितलं.

"मंग आता मी बसायले कुठी जाऊ?"

मला फार वाईट वाटलं. म्हटलं, "माह्याकडे ये ना. पुलगावले कोणी गाडीत बसवून देईन तुले, इकडे मी स्टेशनवर येतो घ्यायले."

"तुह्याकडे तं येईनच," आत्या म्हणाली. "तुह्यं कोन म्हनून राह्यलं? मी तिचं म्हनून राह्यली. एकटी पडली ना ते बिचारी तिकडे. अनोळखी गाव, दिवसरात्र ट्रक. शेजारीपाजारी कोनी हाय का तिच्या?"

आत्या थट्टा करत नव्हती. उत्तराची वाट बघत होती.

"हाय," मी म्हटलं. "शेजारीण हाय एक."

"चांगली हाय?"

"चांगली हाय."

"मंग ठीक," आत्या म्हणाली आणि फोन ठेवला.

शेजारीण कुठेच नव्हती. अख्ख्या कादंबरीत कारंज्याच्या त्या खोलीला शेजारच नव्हता, मी दिलाच नव्हता. ओट्याला टेकून मी हसले, मग रडले, मग परत हसले. माझी बाई कारंज्याला राहायला गेली होती आणि पुलगावात कोणाच्या तरी जिवाला तिचा घोर लागला होता. ते 'मी लिहीत नाही' वाक्य आता मला म्हणायचं झालं असतं तरी म्हणता आलं नसतं. ऑफिसला उशीर होत होता. पर्स खांद्यावर अडकवलेलीच होती. ती काढून ठेवली, 'समाप्त' पुसलं आणि उभ्याउभ्याच लिहायला लागले. शेजारच्या खोलीचं दार उघडलं. हातात खराटा घेतलेली एक बाई बाहेर आली, या नव्या दाराकडे तिने पाहिलं, आणि कडी वाजवली.

जांभळी रेघ अजून तिथेच होती. ती हळूच खाली सरकली, माझ्या ओळीखाली येऊन थांबली आणि तिथे एकेक अक्षर उमटत गेलं.

"हे शेजारीण आत्ताच आली वाटते."

मी लिहीत राहिले.